दर्शन झालं, आता नाट्यगृह!

कुठूनही प्रवास करून आलं, की शेजारपाजारच्या बायका विचारतात, "दर्शन नीट झालं ना? गर्दी फार होती का?" आमच्या घरी मात्र सासूबाईंचा पहिला प्रश्न निराळा असतो. मी हातपाय धुऊन आत येते न येते, तोच त्या पलंगावरून म्हणतात, "काय गं, थिएटर बघितलंस का तिथलं? कसं होतं, सांग बघू." प्रसादाची पुडी त्या मागाहून मागतात.

आम्ही साताऱ्याचे. ह्यांची नोकरी एके ठिकाणची, त्यामुळे आमचा प्रवास म्हणजे एक तर कुणाचं लग्नकार्य, नाही तर दोन-चार वर्षांतून एकदा रजा प्रवास सवलतीवर काढलेली सहल. पण गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत ज्या गावी गेलो, तिथलं नाट्यगृह पाहिल्याशिवाय सहसा परतलो नाही. प्रयोग असला तर तिकीट काढून, नसला तर रखवालदाराची विनवणी करून. लोकांना हे खूळ वाटतं. माझ्या जाऊबाई म्हणतात, "नाटक काय, साताऱ्यातही बघता येतं. त्यासाठी परगावी वेळ कशाला घालवायचा?"

त्यांना मी उलट विचारते, प्रवासात बायकांना बसायला कुठे मिळतं, ते सांगा. गाडीत मांडीवर डबा, पायाशी पिशवी आणि खांद्यावर झोपलेलं पोर. देवळात रांग. गडावर चढण. नातेवाइकांकडे उतरलं, तर पदर खोचून त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं. आणि लॉजवर उतरलं, तर धुतलेले कपडे वाळत कुठे घालायचे याची चिंता. अख्ख्या प्रवासात बाईमाणसाला तीन तास एका जागी, पाठ टेकून, निवांत बसवून ठेवणारी जागा मला तरी एकच सापडली, ती म्हणजे नाट्यगृह. एकदा अंधार झाला, की नवरासुद्धा "माझा चष्मा कुठे ठेवलास?" म्हणून विचारू शकत नाही.

अर्थात हे शहाणपण मला पहिल्याच खेपेला आलं नाही.

आमचं लग्न १९८४ सालचं. १९८६ मध्ये थोरली सात महिन्यांची असताना पुण्याला नणंदेकडे मुंजीला गेलो होतो. मुंज आटोपली आणि ह्यांनी मोठ्या हौसेने बालगंधर्व रंगमंदिराची दोन तिकिटं आणली. संगीत नाटक होतं. मी ठेवणीतली साडी नेसले, गजरा माळला. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा वर जायला लागला आणि आमच्या कन्येने भोकाड पसरलं. आजूबाजूच्या माना वळायच्या आत मी तिला घेऊन बाहेर आले. पुढचे अडीच तास मी बाहेरच होते. आतून टाळ्या यायच्या, हशा यायचा. पदाचे सूर ऐकू यायचे, शब्द कळायचे नाहीत. दारावरचा माणूस भला, त्याने स्टूल आणून दिलं. पण बसले की पोरगी रडायची, म्हणून येरझारा. मध्यंतरात हे बाहेर आले आणि म्हणाले, "फारच रंगलंय गं!" तेव्हा मला त्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

त्या वास्तूची हकीकत मी पुढे वाचली, आणि तो राग थोडा बाजूला ठेवावा असं वाटलं. १९६२ साली तिची पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. आखणीत पु. ल. देशपांड्यांनी जातीने लक्ष घातलं होतं. उद्घाटन झालं २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या ऐंशीव्या वाढदिवशी. पण ते १९६७च्या जुलैतच गेले होते. ज्याच्या नावाचं मंदिर, त्याने पाया घातला आणि कळस पाहिला नाही. रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. स्त्रीवेषातल्या चित्रापुढे मी पुढे कितीदा तरी उभी राहिले आहे. त्या काळच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या, हे ऐकून होतेच. एका पुरुषाकडून पदर घ्यायला शिकायचं, ही गंमत आपल्याच रंगभूमीवर घडली.

तर त्या दिवशी साताऱ्याला परतले ती फुरंगटूनच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, तान्हं पोर घेऊन नाटकाला जायची हौस कशाला? त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पोर माझ्याकडं ठेवून जा. मात्र आल्यावर मला सगळं सांगायचं. नाटक नको सांगूस, नाटक मी रेडिओवर ऐकते. थिएटर सांग. दारं किती, पडदा कसल्या रंगाचा, बायका कुठं बसतात, छत किती उंच, सगळं."

तेव्हापासून हा आमच्यातला करारच झाला. थोरली, मागून धाकटा, दोघांनाही त्यांनी सांभाळलं. मुलांचे गोवर-कांजिण्या, परीक्षा, एकदा तर धाकट्याचा हात मोडला तेव्हाही त्या एकट्याच होत्या. आम्ही परतलो की मुलं झोपल्यावर त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग." तपशील विसरला तर रागवायच्या, म्हणून मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागले. पुढच्या पानांवर दूध, किराणा, इस्त्री. मागच्या पानांवर नाट्यगृहं. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

त्यांना नाटकापेक्षा थिएटरचीच एवढी ओढ का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांचं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. जवळच खासबाग मैदान आणि त्याला लागून शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. त्यांचे वडील मुलांना नाटकाला न्यायचे, मुलींना नाही. "कुस्ती असली की मैदानातून आरडाओरडा यायचा, नाटक असलं की गाणं यायचं," त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मी अंगणात भांडी घासत ऐकायची. भाऊ येऊन सांगायचा, आत असं आहे आन् तसं आहे. खरं सांगायचा का थापा मारायचा, देव जाणे." ते पॅलेस थिएटर त्यांनी आतून कधी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन साताऱ्याला आल्या, आणि १९५७ मध्ये त्या थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. सासूबाईंच्या तोंडी मात्र पॅलेस थिएटरच राहिलं.

आता मागच्या पानांवरचं थोडं सांगते.

सांगलीला चुलतदिराच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा विष्णुदास भावे नाट्यमंदिर पाहिलं. प्रयोग नव्हता, रिकाम्या खुर्च्याच पाहून आलो. पण १८४३ साली याच गावात, संस्थानिकांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे पहिलं मराठी नाटक केलं, हे ठाऊक असलं की रिकाम्या खुर्च्याही बोलतात. पाच नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण म्हणून पाळतात. सांगलीला जाल तेव्हा गणपतीचं दर्शन घेऊन तिथे अवश्य डोकवा.

गोव्याला १९९६ मध्ये गेलो. मंगेशी, शांतादुर्गा झाल्यावर पणजीला मांडवीच्या काठी कला अकादमीत गेलो. ही वास्तू चार्ल्स कोरिया या थोर वास्तुशिल्पकाराची, १९८०च्या दशकातली. इमारतीत शिरतोय असं वाटतच नाही; मांडवाखालून चालत गेल्यासारखं आपण थेट नदीच्या वाऱ्यात पोचतो. आत दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या थिएटरातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले होते. जाड्या बायका, टक्कल पडलेले पुरुष, सगळे जणू आपल्याबरोबर नाटकाला आलेले. घरी येऊन सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तिकीट न काढता बसलेत म्हण की!" आणि स्वतःच हसत सुटल्या.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसची पानं दोन ठिकाणी आहेत. पहिल्यांदा १९८८ मध्ये, गिरगावातल्या मामीकडे उतरले होते तेव्हा. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखं आहे. तेव्हा तिथे सिनेमे लागत. कुठलासा हिंदी सिनेमा होता. मी पडद्यापेक्षा छताकडेच जास्त पाहिलं. १९९३ मध्ये ते बंद पडलं ते वीस-बावीस वर्षं बंदच राहिलं. मामीच्या घरी जाता-येता बाहेरून ती बंद दारं दिसायची आणि उगीच चुटपुट लागायची.

त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा दिल्ली दरबारासाठी आले, तेव्हा बांधकाम पुरं व्हायच्या आधीच त्यांनी त्याचं उद्घाटन केलं, म्हणून नावात 'रॉयल'. परदेशी ऑपेरा मंडळ्यांसाठी बांधलेलं हे थिएटर, पण बालगंधर्व, दीनानाथ आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासारखे आपले नट तिथे गाजले. पुढे बोलपट आले आणि त्याचं सिनेमागृह झालं. १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं. त्याच घराण्याने पुढे आभा नारायण लांबा या वास्तुतज्ज्ञ बाईंकडून त्याचा जीर्णोद्धार करवून घेतला. काही वर्षं ते काम चाललं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली. पुढच्याच वर्षी त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हातारं घर पाडून टॉवर उभा करायच्या दिवसांत कुणीतरी जुनं घर जसंच्या तसं उभं केलं आणि ते काम एका बाईने केलं, याचा मला फार आनंद झाला.

२०१७ मध्ये आम्ही दोघं गेलो. गाण्याचा कार्यक्रम होता. शिरल्या शिरल्या मोठाली झुंबरं. ती ससून घराण्याने दिलेली. सभागृहाचं छत घुमटासारखं, त्याच्या पाकळ्यांवर कवींची आणि नाटककारांची चित्रं. दोन्ही बाजूंना सोनेरी कोरीवकामाचे सज्जे. नाट्यगृह म्हटलं तर लहानसं, शेवटच्या रांगेतूनही गाणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसावी असं. मी वहीत दारं, सज्जे, झुंबरं सगळं मोजून लिहिलं. सासूबाई तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी एकच विचारलं, "आणि पूर्वीच्या काळी बायका कुठं बसायच्या?" ते मला सांगता आलं नाही.

आता थोडं परदेशाचं. ज्या पोरीने बालगंधर्वला भोकाड पसरलं, ती आता सिडनीला असते. आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आपणहून तिथल्या ऑपेरा हाऊसची तिकिटं काढून ठेवली होती. म्हणाली, "आई, तुझं एक नाटक माझ्याकडे बाकी आहे." आजीने सांगितलं असणार!

समुद्राच्या खाडीत शिरलेल्या टोकावर ती इमारत आहे. पांढऱ्या शिंपल्या एकात एक अडकवून ठेवाव्यात तशी. जवळ गेल्यावर कळतं की ते छप्पर दहा लाखांहून जास्त फरशांचं आहे. त्या फरशा पावसाच्या पाण्यानेच स्वच्छ राहतात असं तिथल्या मार्गदर्शक मुलीने सांगितलं, आणि मला आमच्या बाथरूमच्या फरशा आठवल्या. योर्न उट्झोन नावाच्या डॅनिश माणसाची ही कल्पना. १९५७ च्या स्पर्धेत दोनशेहून अधिक आराखड्यांतून त्याचा निवडला गेला. चार वर्षांत पुरं व्हायचं काम चौदा वर्षं चाललं. खर्चाचा अंदाज सत्तर लाख डॉलरचा होता, झाला दहा कोटी वीस लाख. (आपल्या घराच्या बांधकामाचं अंदाजपत्रक दुप्पट झालं म्हणून ह्यांनी केवढा आकांत केला होता!) पैसा मुख्यतः लॉटरीतून उभा केला. सरकारशी बिनसलं आणि १९६६ मध्ये उट्झोन काम सोडून देशाबाहेर गेला. १९७३ मध्ये राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं. २००७ मध्ये ती वास्तू जागतिक वारसा ठरली, २००८ मध्ये उट्झोन वारला. पण पुरी झालेली इमारत पाहायला तो एकदाही परत गेला नाही.

ऑपेरा म्हणजे काय, हे मला तिथेच उमगलं. आपल्या संगीत नाटकात बोलता बोलता पद येतं; तिथे बोलणंच गाण्यात. "दार उघड" हेसुद्धा गाऊन सांगायचं. भाषा इटालियन, पण रंगमंचाच्या वर एका पट्टीवर इंग्रजी अर्थ उमटत होता. शिवणकाम करून पोट भरणारी एक गरीब मुलगी, तिचा कवी प्रियकर, आणि शेवटी क्षयाने तिचा अंत. पहिली पंधरा मिनिटं मी पट्टी वाचली, मग वाचणं सोडून दिलं. मरणाऱ्या मुलीचे गार पडलेले हात कळायला भाषा लागत नाही. हे शेजारी रुमाल काढून चष्मा पुसत होते, तो चष्म्यासाठीच होता असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी फोनवर सासूबाईंना सगळं दाखवलं. उट्झोनची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "हट्टीच दिसतोय मेला. मी असते तर कुणाला न सांगता एकदा जाऊन आले असते."

मला तेव्हाच चपापायला हवं होतं. कारण वह्यांच्या सगळ्या पानांत कोल्हापूरचं पान कोरं होतं. पण ते सांगायच्या आधी, ज्यांना प्रवासात असं नाट्यगृह जोडायचं आहे, त्या मैत्रिणींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगून टाकते.

प्रयोग आहे की नाही, हे घरून निघायच्या आधीच विचारून ठेवावं. गावात पोचल्यावर विचारलं तर 'कालच झाला' हेच उत्तर मिळतं. देवदर्शन सकाळी उरकून दुपारी थोडं पडावं. पडलं नाही, तर दुसऱ्या अंकात डुलकी ठरलेली. रात्रीच्या प्रयोगाहून परतायला गाडी आहे का ते पाहावं, नाही तर दुपारचा प्रयोग बरा. गुडघे दुखत असतील तर बाल्कनीच्या स्वस्त तिकिटाच्या मोहात पडू नये, जिने भोवतात. खालची, रांगेच्या कडेची खुर्ची मागावी, म्हणजे पाय लांब करता येतो. वातानुकूलित नाट्यगृहात शाल हवीच. कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पर्समध्ये नकोत. आणि एक नाजूक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही: मध्यंतर झालं की बायकांच्या स्वच्छतागृहापुढे जी रांग लागते, तीत अर्धा अंक बुडतो. प्रयोगाआधीच जाऊन यावं, हे उत्तम. नाट्यगृह बांधणाऱ्यांनी पुरुषांच्या दुप्पट सोय बायकांची केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रयोग नसेल, तरी हिरमुसून परत फिरू नये. "लांबून आलोय, पाच मिनिटं आत बघू द्या," म्हटलं की बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. मधल्या रांगेत पाच मिनिटं बसावं. रिकाम्या नाट्यगृहाइतकी शांत जागा देवळातसुद्धा हल्ली मिळत नाही.

कोल्हापूरला आम्ही या वर्षांत किती वेळा गेलो असू? पंधरा-वीस वेळा तरी. अडीच-तीन तासांचा रस्ता, अंबाबाई, सासूबाईंचं माहेर. त्या बरोबर असल्या की दर्शन झाल्यावर हळूच म्हणायच्या, "पॅलेस थिएटरवरनं जाऊ या का?" १९९८ मध्ये थोरलीची परीक्षा तोंडावर होती म्हणून घाईने परतलो. २०११ मध्ये दारापर्यंत गेलो, पण आत कसली तरी सभा चालली होती. मग "पुढच्या वेळी नक्की." २०१९ मध्ये पूर आला, २०२० मध्ये करोना. मग सासूबाईंचे गुडघे. मी ज्या नाट्यगृहांत पाठ टेकून बसले, त्यांतलं जवळजवळ प्रत्येक त्यांनी माझी मुलं सांभाळली म्हणून मला दिसलं. आणि त्यांना हवं होतं ते एकच, ते मी तीन तासांच्या रस्त्यावर असून दाखवलं नाही. यात ह्यांचाही दोष आहे, पण ह्यांना दोष देऊन मला सुटता येत नाही. 'पुढच्या वेळी' हा शब्द माझ्याच तोंडचा होता.

शेवटी २०२४ च्या जुलैत ठरवलं, पाऊस ओसरला की सप्टेंबरात जायचं. धाकट्याने गाडीची जबाबदारी घेतली. सासूबाईंनी जांभळी साडी काढून ठेवली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. सकाळी टीव्ही लावला तर जळलेलं छप्पर, कोसळलेला रंगमंच, आणि रस्त्यावर उभे राहून रडणारे कलावंत. शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि कोल्हापुरात कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर शेजारी शेजारी उभं केलं. १९१५ पासून शंभरावर वर्षं उभी असलेली वास्तू एका रात्रीत गेली.

सासूबाईंनी सगळं पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दूध उतू जातंय बघ." खरंच जात होतं. मी गॅस बंद करायला गेले आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला होता. मी म्हटलं, "आई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "थिएटर तू जाळलंस होय?" आणि विषय संपवला. जांभळी साडी मात्र आठवडाभर खुर्चीवर तशीच होती. मलाच ती कपाटात ठेववत नव्हती.

नोव्हेंबरात धाकट्याच्या गाडीतून त्यांना पुण्याला नेलं, बालगंधर्वला. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात आम्ही त्यांना अधूनमधून नेत असू, पण परगावचं नाट्यगृह हे पहिलंच. साडी जांभळीच. वय अठ्ठ्याऐंशी. कडेच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, झोपतील. पण तिन्ही अंक ताठ बसून पाहिले. मध्यंतरात बटाटावडा मागून खाल्ला, आणि मग म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन फेऱ्या मारत होतीस ती जागा दाखव." मी दाखवली. त्यांनी काठी टेकत ती लांबी चालून पाहिली, इकडून तिकडे. म्हणाल्या, "बरंच आहे की अंतर."

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात शेजारणी आल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. दारं किती, पडदा कसल्या रंगाचा, छत किती उंच. दोन गोष्टी त्यांनी चुकीच्या सांगितल्या. मी सुधारल्या नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये अंबाबाईला गेलो. दर्शन झाल्यावर या वेळी मीच रिक्षावाल्याला खासबागेकडून न्यायला सांगितलं. नाट्यगृह पुन्हा होतं तसंच बांधायचं ठरलं होतं. आत जायचा प्रश्नच नव्हता, दर्शनी दगडी भाग तेवढा उभा. रिक्षा थांबवली. सासूबाईंनी मान बाहेर काढून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या लहानपणी अशीच दिसायची ही भिंत. बाहेरनं तसंच आहे की."

थोड्या वेळाने त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "उघडल्यावर तिकिटं कुठं मिळायची रे?"

तो म्हणाला, "आज्जी, आधी छप्पर तर चढू दे."

"चढू दे की," त्या म्हणाल्या. "मी कुठं घाईत आहे?"